आवाज वेगळा

तासगाव सोडून सावळजच्या रस्त्याला लागलं
की डाव्या हाताला निळ्या पत्र्याचं कोल्ड स्टोरेज.
अकरा खोल्या, आत बेदाणा,
पंधरा-पंधरा किलोच्या खोक्यांत निजलेली गेल्या साली द्राक्षं.

मला काम साधंच होतं:
दर सेकंदाला तापमान वाचायचं, लिहून ठेवायचं.
आधी मी नुसतं प्रिंट करायचे.
काळ्या पडद्यावर आकडे वर वर सरकत
आणि वरच्या कडेवरून पडून जात,
कुठे, ते विचारायची सोय नाही.
मग लायब्ररी घेतली. छोटीच.
एका ओळीत तिला बोलवायचं,
दुसरीत फाइलचं नाव सांगायचं
आणि तिसरीत ठरवायचं
कुठल्या पायरीखालचं बोलणं कानावर घ्यायचं नाही.

डीबग, इन्फो, वॉर्निंग, एरर, क्रिटिकल.
बाबालालचाचांना मी मराठीत सांगितलं:
कुजबुज, बोलणं, हटकणं, ओरडणं, आणि…
"आणि बोंब," ते म्हणाले.

बाबालाल मुलाणी, एकोणीस वर्षं रात्रपाळी.
लाल पुठ्ठ्याची वही, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.
तासाला एक रेघ: वेळ, खोली, अंश, सही.
शेवटचा रकाना शेरा.
बहुतेक "ठीक".
कधी "लाईट गेली, जनरेटर चालू".
कधी "मांजर आत. काढले."

पहिला आठवडा मी कुजबुजीपासून सगळं ऐकलं.
चार अंश. दार बंद. चार अंश. चार अंश.
सहासष्ट लाख ओळी.
उघडायला गेले तर ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरने
मान टाकली.
मग पायरी वर नेली, ओरडण्याच्या खाली सगळे गप्प.
फाइल रिकामी राहू लागली.
हिंगमिरेअण्णा खूश:
"बघा, एक तक्रार नाही!"

चौदा तारखेला सात नंबरमध्ये तापमान चढलं,
पण माझ्यापर्यंत चढलं नाही.
सेन्सर चार अंशांवर अडकून बसलेला,
विचारलं की चार, विचारलं की चार,
पाठ केलेलं पोर जसं गणित न बघता उत्तर देतं.
सौद्याला खोकी काढली तेव्हा
हिरवा बेदाणा तपकिरी, एकमेकाला चिकटलेला.

माझ्या फाइलमध्ये त्या रात्रीची एक ओळ नाही.
सगळं बरं असल्यावर जशी दिसते
तशीच दिसत होती ती.

चाचांनी वही आणली.
बोटाला थुंकी लावून पानं उलटली.
२.४०. खोली ७. ४ अंश. सही.
शेरा: आवाज वेगळा.

"मग सांगितलं का नाही कुणाला?" अण्णा चढले.
"लिवलंय की," चाचा म्हणाले.

त्या दोन शब्दांना पायरी कुठली,
मी तीन दिवस शोधत होते.
ओरडणं नाही. हटकणंही नाही धड.
पंखा फिरत होता, दिवा हिरवा होता,
फक्त एका माणसाला, एकोणीस वर्षांनी,
आवाज वेगळा वाटला.

लायब्ररीचे आकडे असे आहेत:
दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास.
मधल्या जागा कुणीतरी मोकळ्या ठेवल्यात.
का, ते मी कधी विचारलं नव्हतं.
पंचविसावर मी एक पायरी घातली,
नाव दिलं शेरा.
पडद्याखाली एक चौकोन, मराठी कीबोर्ड,
आणि फाइलला ताकीद,
हे कधीही गाळायचं नाही.

चाचा एका बोटाने टाइप करतात, काना शोधायला
चष्मा काढतात, परत घालतात.
मी विश्रामबागेत सकाळी चहा ठेवते
आणि उतू जाईपर्यंत वाचते.
पहिल्या रात्रीचं अजून जपून ठेवलंय:

०२:१२:०७ शेरा खोली ३ मांजर आत. काढले.
०२:१९:५१ शेरा खोली ३ परत आले.